तार उलटी नव्हती: घरगुती थ्री-वे स्पीकरचा इतिहास वाचताना झालेली एक चूक

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बहुतेकांचं एक रडगाणं असतं. विषय सुचलाय, गाइडही तयार आहेत, पण साधनं कुठंयत? कागदच नसेल तर इतिहास लिहायचा कशावरून?

मीही त्यातलीच. माझा विषय घरी बांधलेल्या स्पीकरचा आहे. वाशीम, मंगरुळपीर, रिसोड, कारंजा या पट्ट्यात मेकॅनिक आणि सुतार मिळून स्पीकरच्या लाकडी पेट्या करायचे. घरात कॅसेट ऐकायला, गणपतीत, १४ एप्रिलला, लग्नात त्या वाजायच्या. त्यातली सगळ्यात मानाची पेटी म्हणजे 'थ्री-वे'. खाली मोठा वूफर, मध्ये मिड, वर ट्विटर. आज अशी एकच पेटी घेऊन बसू या. ती वाचताना मी एक मोठी चूक केली आणि माझ्या विषयाबद्दल मला जे कळलं ते त्या चुकीतून कळलं. तुमचा विषय वेगळा असेल, पण अशी चूक कुणाच्याही हातून होऊ शकते.

आधी थोडं तंत्र: तीन कशाला?

एकाच स्पीकरमधून सगळा आवाज का काढत नाहीत? कारण एकाच कोनाकडून दोन उलट कामांची अपेक्षा असते. ढोलकीच्या घुमाऱ्यासाठी खूप हवा ढकलावी लागते, म्हणजे कोन मोठा हवा. टाळांच्या किणकिणाटासाठी सेकंदाला हजारो वेळा हलावं लागतं, म्हणजे कोन हलका आणि छोटा हवा. त्यात आणखी एक भानगड आहे. आवाजाची लहर कोनाच्या रुंदीइतकी आखूड झाली की आवाज टॉर्चच्या झोतासारखा समोरच जायला लागतो. दहा इंची वूफर साधारण २५ सेंटिमीटरचा. एवढ्या लांबीची लहर सुमारे १४०० हर्ट्झला येते. त्याच्या वर गेलात की समोर बसलेल्याला एक ऐकू येतं आणि बाजूला बसलेल्याला दुसरंच.

म्हणून आवाजाची वाटणी करतात. ही वाटणी करणारं सर्किट म्हणजे क्रॉसओव्हर. त्यात कॉइल आणि कॅपॅसिटर, बस. कॉइल वरचे स्वर अडवते, कॅपॅसिटर खालचे.

आपण आज वापरतो तसा मूव्हिंग कॉइल स्पीकर जनरल इलेक्ट्रिकच्या राइस आणि केलॉग यांनी १९२५ मध्ये मांडला. १९३० च्या दशकात बोलपटांसाठी अमेरिकेतल्या थिएटरांत मोठे टू-वे स्पीकर आले. घरात मावेल अशा थ्री-वेचं गाजलेलं उदाहरण म्हणजे अकूस्टिक रिसर्च कंपनीचा १९५८ चा एआर-३. पेटीचं माप आणि वूफरचे गुण यांचं गणित ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थिल यांनी १९६१ मध्ये छापलं. पण जगाचं लक्ष त्याकडे गेलं ते १९७१ मध्ये, अमेरिकेतल्या ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलनं तो लेख पुन्हा छापल्यावर.

हे दहा वर्षांचं अंतर लक्षात ठेवा. ऑस्ट्रेलियातून अमेरिकेत ज्ञान पोचायला दशक लागलं, तर त्याला कुणी 'मागासलेपण' म्हणत नाही. वाशीमला पोचायला वेळ लागला की मात्र लगेच म्हणतात. माझ्या पहिल्या सिनॉप्सिसमध्ये मीही 'उशिरा पोचलेलं तंत्रज्ञान' असं लिहिलं होतं. गाइडनी त्यावर नुसती लाल रेघ मारली, काही बोलल्या नाहीत. रेघेचा अर्थ मला बऱ्याच उशिरा कळला.

दप्तरात काय सापडतं?

आता साधनांकडे वळू. जिथं सरकारला पैसे किंवा परवानगी द्यावी लागते तिथं कागद तयार होतो. रेडिओला १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत परवाना लागायचा आणि त्याची फी पोस्टात भरायची. त्यामुळे रेडिओचा माग निघतो. घरी बांधलेल्या पेटीला परवाना नव्हता, बिल नव्हतं, वॉरंटी कार्ड नव्हतं. मग कागदही नाही.

दप्तरात लाउडस्पीकर भेटतो तो वेगळ्याच रूपात, तक्रार म्हणून. पोलीस परवानगी, कोर्टाचे निकाल, २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम. त्या नियमांनी रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा घातली आणि रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला बंदी केली. नियमाची गरज होती, त्यावर वाद नाही. पण फक्त याच कागदांवरून इतिहास लिहिला तर तो गोंगाटाचा इतिहास होईल. पेटी कुणी बांधली, कशी शिकला, बिघडली तर काय केलं, हे त्यात नावालाही येणार नाही. साधन जिथून येतं तिथला चष्माही आपल्या डोळ्यावर चढतो.

पीटर मॅन्युएल यांचं 'कॅसेट कल्चर' (१९९३) हे पुस्तक या बाबतीत उपयोगी पडतं. स्वस्त कॅसेटमुळे भारतात छोटे निर्माते उभे राहिले आणि प्रादेशिक संगीताला बाजार मिळाला, हे त्यांनी दाखवलं. आपल्याकडे भीमगीतं, भजनं, लोकगीतं कॅसेटवर आली ती याच लाटेत. पण कॅसेट वाजली कशावर? डेविड एजर्टन यांनी 'द शॉक ऑफ द ओल्ड' मध्ये तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांकडून वापराकडे आणि दुरुस्तीकडे वळवायला सांगितलं आहे. डेविड आर्नल्ड यांनी 'एव्हरीडे टेक्नॉलॉजी' (२०१३) मध्ये शिलाई मशीन, सायकल, टाइपरायटर आणि भातगिरणी यांच्यावरून भारताची आधुनिकता वाचली. मला वाटलं, या रांगेत आपली पेटी का नको?

पेटी हाच कागद

वाशीम तालुक्यातल्या एका घरात मला अशी पेटी मिळाली. वापरात नव्हती, तिच्यावर धान्याचं पोतं ठेवलेलं होतं. घरच्यांनी उघडायला परवानगी दिली.

जुनी वस्तू वाचायची शिस्त या गावाला नवी नाही. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा प्रसिद्ध ताम्रपट वाशीमलाच सापडला. वत्सगुल्माहून, म्हणजे आजच्या वाशीमहून, त्याच्या कारकिर्दीच्या ३७ व्या वर्षी दिलेलं ते दान आहे. त्यातला वंशावळीचा भाग संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात. एका पत्र्यावर दोन भाषा का, असा प्रश्न पडतो तिथून अभ्यास सुरू होतो. पेटीलाही असेच साधे प्रश्न विचारायचे. ठिकाण कोणतं, माल कोणता, हात किती?

*ठिकाण.* मागच्या फळीवर दुकानाचं लेबल होतं. दुकानाचं नाव फाटलेलं, पण खाली 'वाशीम, जि. अकोला' स्पष्ट. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झाला. (इंग्रजी अमलातही हा जिल्हा होता, तो १९०५ मध्ये मोडला.) म्हणजे लेबल १९९८ च्या आधी छापलेलं. पण छापलेली लेबलं संपेपर्यंत दुकानदार वापरतो. त्यामुळे ही तारीख लेबल छापल्याची, पेटी बांधल्याची नाही.

*माल.* आत एका कॅपॅसिटरवर केल्ट्रॉन हे नाव होतं. केरळ सरकारची ही कंपनी १९७३ मध्ये स्थापन झाली. म्हणजे तो भाग १९७३ नंतरचा. झालं, १९७३ ते १९९८! असं वहीत लिहून मी खूश झाले. घाई केली. कारण भाग बदलले जातात. नीट पाहिल्यावर दोन प्रकारचं सोल्डरिंग दिसलं: काही जोड जुने, काळपट आणि जाड, तर काही चकचकीत आणि बारीक. केल्ट्रॉनवाला जोड चकचकीत होता. म्हणजे तो भाग दुरुस्तीचा काळ सांगतो, जन्माचा नाही.

*हात.* लाकूडकाम सुताराचं, कोपऱ्यात पाचर मारून पक्कं केलेलं. कॉइल पीव्हीसी पाइपच्या तुकड्यांवर गुंडाळलेल्या. वायर इनॅमलची, शेतीच्या मोटारी रिवाइंड करतात तसली. आत पेटीच्या भिंतींना गादीचा कापूस, मच्छरदाणीच्या कापडात शिवून लावलेला. आतल्या आत घुमणारा आवाज शोषायला काहीतरी तंतुमय लागतं. कंपन्या काचेची लोकर वापरायच्या, कापसाच्या मुलखात कापूस वापरला. मिडच्या मागे प्लास्टिकची बरणी कापून उपडी बसवलेली. बरणी बघून मला आधी हसू आलं. नंतर कळलं की ती नसेल तर वूफरच्या दाबानं मिडचा कोन मागून ढकलला जातो आणि बेस वाजला की गाणाऱ्याचा गळा थरथरतो.

पेटीवरच्या पाटीबद्दलही सांगते. रंगानं '५०० वॅट' लिहिलेलं होतं. गावोगावच्या घरगुती ॲम्प्लिफायरमध्ये एलए ४४४० ही आयसी सर्रास सापडते. तिच्या डेटाशीटप्रमाणे स्टीरिओत दर चॅनलला ६ वॅट आणि ब्रिज केली तर १९ वॅट मिळतात. लिखित साधन खोटं बोलतं याचं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. पण त्या खोट्यातूनही कळतं की त्या काळी माणसं आवाज कशात मोजत होती.

माझी चूक

आता मुद्द्यावर येते. स्पीकरचं प्लस-मायनस तपासायची जुनी युक्ती आहे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावायचा. कोन बाहेर आला तर सेलचं प्लस ज्या टोकाला लागलं ते स्पीकरचं प्लस. मी तिन्ही स्पीकर तपासले. वूफर बरोबर, ट्विटर बरोबर, मिड मात्र उलटा जोडलेला.

मी वहीत लिहिलं: 'कारागिराला फेजची कल्पना नसावी.' आणि एवढ्यावर न थांबता मिडचे जोड काढून 'सरळ' करून टाकले. घरच्यांना पेटी चालू करून द्यायची होती ना! फोटो काढला होता, पण फक्त समोरून.

पेटी वाजवली तर आवाज बसलेला. बेस होता, वरचा किणकिणाटही होता, पण गाणारी बाई जणू दुसऱ्या खोलीत जाऊन बसली होती आणि हार्मोनियम गायब. मला वाटलं कॅपॅसिटर सुकले. जुने इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सुकतात आणि आवाज पडतो, हे खरं आहे. ते बदलले. फरक नाही. मग ॲम्प्लिफायर बदलला, केबल बदलली. दोन दिवस गेले.

शेवटी पेटी गाडीत टाकून एका जुन्या मेकॅनिककाकांकडे गेले. त्यांनी एक गाणं ऐकलं, मागची फळी काढली, माझं चकचकीत सोल्डरिंग बघितलं आणि म्हणाले, "ताई, तार उलटी नोती. तुमी केली उलटी."

मी म्हटलं, "पण काका, सेल लावून बघितलं मी."

"सेलले काय समजते? कानानं पाहाव लागते."

त्यांनी दोन तारा अदलाबदल केल्या. बाई खोलीत परत आली.

असं का होतं?

घरी येऊन पुस्तकं काढली. या पेटीत प्रत्येक वाटणीला एक कॉइल आणि एक कॅपॅसिटर, असं दुसऱ्या दर्जाचं फिल्टर होतं. अशा फिल्टरमध्ये, जिथं वूफर संपतो आणि मिड सुरू होतो त्या स्वराला, वूफरचा सिग्नल ९० अंश मागे पडतो आणि मिडचा ९० अंश पुढे जातो. दोघांत १८० अंशांचा फरक. एक कोन बाहेर येतो तेव्हा दुसरा आत जातो. दोघं एकमेकांना खाऊन टाकतात आणि त्या स्वराला खड्डा पडतो. मिड आणि ट्विटरच्या सीमेवरही हेच. उपाय एकच: मधला स्पीकर उलटा जोडा. एका उलट्या तारेनं दोन्ही खड्डे बुजतात. मी ती तार सरळ करून दोन्ही खड्डे पुन्हा खणले होते.

नुसता एक कॅपॅसिटर लावलेल्या साध्या पेटीत फरक ९० अंशांचाच असतो, तिथं असा खड्डा पडत नाही. म्हणजे 'तीन स्पीकर, तिन्ही सरळ' हा माझा नियम एका प्रकारच्या पेटीला चालला असता. मी तो सगळ्यांना लावला.

मग भाग मोजले. ट्विटरच्या बाजूला ४.७ मायक्रोफॅरड आणि ०.६ मिलिहेन्री. ८ ओहमच्या स्पीकरला हे सूत्रानं बरोबर ३००० हर्ट्झला बसतं. खालच्या वाटणीला ४७ मायक्रोफॅरडचे दोन साधे इलेक्ट्रोलिटिक, मायनसला मायनस जोडून. असं जोडल्यावर प्लस-मायनसचं बंधन जातं आणि किंमत निम्मी होते, २३.५. कॉइल ३ मिलिहेन्रीची. ही जोडी ६०० हर्ट्झला बसते. म्हणजे काय? कॅपॅसिटर दुकानात ठरावीक किमतीतच मिळतो, कॉइल मात्र हवे तेवढे वेढे देऊन करता येते. बनवणाऱ्यानं आधी बाजारात मिळेल तो कॅपॅसिटर धरला आणि त्याला जुळेल अशी कॉइल गुंडाळली, असा त्याचा सरळ अर्थ निघतो. अंदाजपंचे काम असं बसत नाही.

पण पुरावा कुठंय?

इथं मला घाम फुटला. थिसिसमध्ये लिहिणार काय? 'मिड मुळात उलटा होता' याचा पुरावा म्हणजे तो जुना काळपट जोड, आणि तो मीच वितळवून टाकला होता. व्हायवाला कुणी विचारलं की मागच्या दुरुस्तीवाल्यानं चुकून उलटा लावला नसेल कशावरून, तर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

वाचवलं ते घरच्या वाटणीनं. स्टीरिओ म्हणजे पेट्या दोन. दुसरी कुठं गेली, हे विचारायचंच मला सुचलं नव्हतं. दोन भावांच्या वाटणीत एकेक पेटी एकेकाकडे गेली होती! धाकट्या भावाकडची पेटी कुणी उघडलेली नव्हती. या वेळी मी आधी फोटो काढले, सगळ्या बाजूंनी, प्रत्येक जोडाचे. मग तारांचं चित्र वहीत काढलं. मग सेल लावला, स्पीकरवरची लाल खूण तरी खरी आहे ना, हे तपासायला. खूण खरी होती. आणि मिड उलटा होता, जुन्या काळपट सोल्डरिंगनं.

एका पेटीत उलटी तार अपघात असू शकते. दोन्ही पेट्यांत, एकाच स्पीकरला, मूळ जोडात? तो निर्णय आहे.

हा निर्णय बनवणाऱ्यानं कशावरून घेतला? त्याला शिकायच्या वाटा अनेक होत्या. आयटीआयमध्ये रेडिओ मेकॅनिकचा ट्रेड होता. 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' हे मासिक १९६९ पासून निघतं आणि त्यात सर्किटं छापून येत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणणाऱ्यांबरोबर माहितीही येई. आणि काकांची वाट होतीच: दोन्ही बाजूंनी जोडून बघ, जिकडे गळा पुढे येतो तिकडे ठेव. भागांच्या किमती आकडेमोडीकडे बोट दाखवतात, तारेची दिशा कानाकडेही दाखवू शकते. माझ्या प्रकरणात मी आता दोन्ही लिहिते. 'सिद्धांत माहीत होता की नव्हता' हा प्रश्नच मी काढून टाकलाय. त्याच्या जागी 'काम बरोबर झालं हे तो कशावरून ठरवत होता' हा प्रश्न ठेवलाय. या प्रश्नावर मेकॅनिक बोलतात. पहिल्या प्रश्नावर गप्प बसायचे, कारण त्यात परीक्षेचा वास होता.

तुमच्या कामासाठी

थोडक्यात तीन गोष्टी.

एक, हात लावायच्या आधी नोंद करा. फोटो, चित्र, माप, तारीख. कागदाची जशी पाठची बाजू बघता तशी वस्तूचीही बघा. आणि दुरुस्त करायचा मोह आवरा. तुमची दुरुस्ती म्हणजे साधनावर केलेली खाडाखोड असते.

दोन, साधनात 'चूक' दिसली की लगेच आनंदू नका. ती चूक ज्या नियमानं चूक ठरते तो नियम इथं लागू आहे का, हे आधी बघा. जुन्या पत्रातलं शुद्धलेखन, वहीतली बेरीज, स्पीकरची तार, सगळ्यांना हेच लागू.

तीन, जोडी शोधा. एकटं साधन काहीही सांगतं. दुसरी प्रत, दुसरी पेटी, दुसऱ्या भावाचं घर, तिथं जा.

पहिल्या पेटीचा मिड आता पुन्हा उलटा आहे, म्हणजे बरोबर आहे. त्या जोडाशेजारी मी फळीवर पेन्सिलीनं तारीख आणि 'हा जोड नवा' एवढं लिहून ठेवलंय. पुढं कुणी ही पेटी वाचायला घेतली तर माझा हात कुठं लागला, हे तरी त्याला कळेल.